न मोजलेलं बाळ

कडेगावात आशाताईंच्या वहीत बाळाचं वजन असतं. ‘आर’ भाषेत अशा वजनांची रांग म्हणजे वेक्टर.

१९९३ साली ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी आर लोकांसमोर आणली. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. त्यातून दिसलं, की आपली बाळं वजनाने हलकी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त. असे निष्कर्ष एकेका नोंदीवर उभे असतात.

समजा, दोन वजनं २.७ आणि २.५ किलो, तिसरं घेतलंच नाही. डेटा फ्रेममध्ये सगळे रकाने सारख्याच लांबीचे, त्यामुळे त्या बाळालाही जागा हवीच. तिथे शून्य टाकलंत, तर सरासरी १.७३. ‘एनए’ लिहिलंत, तर आर आधी उत्तरच देत नाही. ते वगळायला सांगितलं की २.६ येते.

म्हणून मित्रांनो, रिकामी जागा शून्याने भरू नका.