मिटलेला लॅपटॉप

जुन्या कचेरींत कारकुनानें दप्तर बांधलें म्हणजे दिवसाचें काम संपलें, असें सर्वजण समजत. लॅपटॉपचें झांकण मिटणें ही त्या दप्तर बांधण्याचीच नवी रीति होय. असें असतां आज पुष्कळ घरांतून एक उलटाच देखावा दृष्टीस पडतो. लॅपटॉप मेजाच्या कडेला मिटून ठेविलेला, त्यावर एखादी वहीही पडलेली, समोर मोठा मॉनिटर व निराळा कळफलक. आणि काम मात्र चालूच! झांकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण कोणा यंत्रालाही लागू पडेल, असें आमच्या वाडवडिलांस खचित वाटलें नसेल. ही सोय कां निघाली हें पाहूं गेलें असतां तिचें मूळ संगणकांत नसून माणसाच्या मानेंत सांपडतें.

सन १९८१ मध्यें ऑस्बोर्न नांवाचा जो फिरता संगणक विक्रीस आला, ती सुमारें ११ किलो वजनाची पेटीच होती. तिचें झांकण म्हणजेच कळफलक; तें काढून पुढें ठेवावें आणि पेटींतल्या ५ इंची पडद्यांत डोकवावें. त्याच वर्षीं निघालेल्या आय.बी.एम.च्या मेजावरील संगणकाचा कळफलकही तारेनें जोडलेला, पण सुटा होता. हातांची उंची वेगळी व डोळ्यांची वेगळी, एवढें त्या ओबडधोबड यंत्रांनीं ओळखलें होतें. पुढच्याच वर्षीं ग्रिड कंपास आला. जॉन एलेन्बी यांच्या कंपनीसाठीं बिल मॉगरिज या इंग्रज रचनाकारानें पडदा व कळा बिजागरीनें जोडून, शिंपल्याप्रमाणें मिटणारें हें यंत्र तयार केलें. वजन सुमारें ५ किलो, पडदा ६ इंची, किंमत ८,१५० डॉलर. मिटतांच पडदा व कळा एकमेकांचें रक्षण करीत, आणि सगळें यंत्र हातपेटींत मावे. युक्ति इतकी सुबक कीं, चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं तरी लॅपटॉप म्हटला कीं तीच आकृति डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु ज्या बिजागरीनें हें सौकर्य दिलें, तिनेंच मानेचें वैर पत्करलें. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणावा तर कळा छातीशीं येतात. कळा हातांस सोयीच्या ठेवाव्या तर पडद्यासाठीं मान वांकवावी लागते. दोहोंपैकीं एकाची आबाळ ठरलेलीच.

ही गोष्ट कायदेपंडितांच्याही ध्यानांत आली होती. २९ मे १९९० रोजीं युरोपीय समुदायानें पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या आरोग्याविषयीं जो निर्देश काढला, त्यांत कळफलक पडद्यापासून सुटा असावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. मात्र एकाच जागीं दीर्घकाळ न वापरल्या जाणाऱ्या फिरत्या यंत्रांस त्यांतून सूट दिली होती. लॅपटॉप हा प्रवासापुरता, ही त्यामागची समजूत. आणि पुढें ढांसळली ती हीच.

प्रवासाचें यंत्र मेजावरही चालावें, यासाठीं निघालेल्या योजनांत ॲपल कंपनीची योजना आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटते. ऑक्टोबर १९९२ मध्यें तिनें पॉवरबुक ड्युओ नांवाचे लॅपटॉप काढले. वजन २ किलोंहून कमी. हलकेपणापायीं फ्लॉपीची खांचदेखील गाळून टाकलेली. त्यांच्यासाठीं मेजावर ठेवण्याची एक ‘गोदी’ निराळी मिळे. मिटलेला ड्युओ तिच्या तोंडाशीं नेला कीं आंतली मोटर त्याला व्हिडिओच्या कॅसेटप्रमाणें ओढून घेई. गोदीच्या माथ्यावर मॉनिटर, पुढ्यांत कळफलक, पोटांत फ्लॉपी व जादा कार्डांची जागा! सायंकाळीं जहाज बाहेर काढून घरीं न्यावें. पण गोदीचें तोंड पहिल्या जहाजाच्या मापाचें होतें. पुढें रंगीत पडद्याचे ड्युओ निघाले ते जाड भरले, आणि मूळ गोदीला नवें झांकण बसविण्याची पाळी आली. १९९७ मध्यें ही जातच बंद पडली.

गोदीचें काम पुढें एका तारेवर आलें. २०१४ त यू.एस.बी.-सी या जोडणीचें स्वरूप ठरलें. तेव्हांपासून वीज, चित्र व इतर दळणवळण हीं तिन्ही कामें एकाच तारेवर सोंपविणारीं यंत्रें हळूहळू सर्वत्र झालीं. राहतां राहिला प्रश्न झांकणाचा. पुष्कळ लॅपटॉपांच्या झांकणांत एक चिमुकला चुंबक असतो, व खालच्या भागांत त्याची चाहूल घेणारा एक भाग. त्याचें तत्त्व १८७९ त एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यास सोन्याच्या वर्खावर प्रयोग करतांना सांपडलें: वीज वाहत असतां चुंबक जवळ आणला कीं वर्खाच्या दोन कडांमध्यें विजेचा सूक्ष्म दाब उत्पन्न होतो. झांकण मिटलें एवढी बातमी यंत्रास या मार्गानें पोंचते. त्या बातमीचा अर्थ काय करावयाचा हें मात्र आज्ञावली ठरविते. बाहेरचा मॉनिटर जोडलेला नसेल तर झोंप. असेल तर जागरण. कित्येक यंत्रें त्यासाठीं विजेची तारही लावलेली असावी असा आग्रह धरतात.

मार्च २०२० मध्यें भारतभर टाळेबंदी झाली आणि प्रवासाचें हें यंत्र जेवणाच्या मेजावर, पलंगावर, कोठें कोठें पाटावरही बसून आठ आठ तास चालूं लागलें. आईची कचेरी त्यावर, मुलांची शाळाही त्यावर. १९९० च्या सवलतीमागची समजूत अशी घरोघर मोडली, आणि दुखरी मान घेऊन लोक मॉनिटरच्या शोधास लागले. आमच्या मतें ज्यास तो घेणें परवडत नाहीं त्यानें फारसें वाईट मानूं नये. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप उघडा ठेवून स्वस्तांतला सुटा कळफलक जोडला, तरी मानेचें काम बहुतेक होतें. मिटलेल्यापेक्षां उघड्या यंत्राची उष्णताही बाहेर पडण्यास अधिक वाव मिळतो. मोठ्या पडद्याचें सुख अर्थात् निराळें.

मिटलेल्या यंत्राचा कॅमेराही आंतच कोंडलेला असतो. त्यामुळें दूरस्थ सभेची वेळ झाली कीं झांकण पुन्हा थोडें उघडलें जातें. मग मॉनिटरकडे पाहून बोलणारा गृहस्थ इतरांस, तो सगळा वेळ खिडकींतून बाहेर पाहत असावा, असा दिसतो.