अंगणात आलेली शाळा

बोदवड परिसरात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. मजूर आईबरोबर मुलेही शेतावर जातात. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते आणि शाळेच्या पटावर तिचे नाव तेवढे उरते. अशा आईबापांना शिक्षणाची आस्थाच नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

भावनगर येथे गिजुभाई बधेकांसमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती; त्यांची जागा शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. परंतु खरी अडचण साधनांची नव्हती. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली आणि अंगणात भरू लागली. मुलांची स्वच्छता, गाणी, खेळ सारे आईच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. शिक्षण म्हणजे काय, हे तिला व्याख्यानातून सांगावे लागले नाही.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तेथील मुले गुरे राखीत. म्हणून शिक्षक कुरणावर गेले आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ही उभी राहिली. धाकटे भावंड पाळण्यात विसावले की थोरली बहीण निर्धास्तपणे पाटी हाती घेई.

पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेबरोबर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणपट जागा पालकांना दिल्या आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली दिली होती.

तथापि, रोजावर जाणाऱ्या आईला दिवसा सभेस बोलावले, तर तिने मजुरी बुडवावी की अधिकार? ती सभा सायंकाळी तिच्याच वस्तीत का भरू नये? वेचणीच्या दिवसांत शेताजवळ एखादे पाळणाघर का चालू नये? आमच्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी व तरुणांनी, जातिधर्माचा भेद न करता, एवढा भार उचलावा असे आम्हांस मनापासून वाटते. कोसबाडला गुरांमागे गेलेली शाळा बोदवडला कापसाच्या बांधापर्यंत जाऊ शकणार नाही, असे मानण्यास आम्हांस काही कारण दिसत नाही.