कोअर डम्प: मेलेल्या प्रोग्रामचा पंचनामा

"सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड." सी किंवा सी++ मध्ये चार ओळी लिहिलेल्या प्रत्येकाने हे वाक्य पाहिलेलं असतं. त्यातल्या पहिल्या अर्ध्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पॉइंटर कुठे भरकटला, कोणी भरकटवला वगैरे. दुसऱ्या अर्ध्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. कोअर म्हणजे काय? ते डम्प कुठे झालं? आणि मुख्य म्हणजे, जो प्रोग्राम मेला त्याने स्वतःच्या मरणाची नोंद केली तरी कशी?

उत्तर सोपं आहे. त्याने केलीच नाही. मेलेला माणूस स्वतःचा पंचनामा करत नाही, पंच करतात. क्रॅश डम्पचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास बघितला तर त्यात प्रश्न तीनच दिसतात: पंच कोण, लिहायचं कुठे, आणि काय गाळायचं. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून तो शेवटी.

आधी नावाचं बघू. १९५० च्या दशकात मेमरी म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या. एक कडी म्हणजे एक बिट. या कडीला म्हणायचे कोअर. एमआयटीच्या व्हर्लविंड कॉम्प्युटरमध्ये १९५३ साली अशी मेमरी बसली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं मेमरी म्हणजे कोअर हेच समीकरण होतं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही डीरॅम चिप आली आणि कड्या हळूहळू गेल्या. नाव मात्र चिकटून राहिलं. या कड्यांचा एक गुण चिप्सकडे आला नाही: वीज गेली तरी कडीतला बिट टिकून राहायचा.

त्या काळात डम्प कागदावर यायचा. आयबीएमच्या सिस्टिम/३६० वर जॉब 'अबेंड' झाला की मेमरी लाइन प्रिंटरवर छापली जायची, डावीकडे हेक्साडेसिमल आकडे, उजवीकडे त्याच बाइट्सची अक्षरं. वर एक कोड. मेनफ्रेमवर काम केलेल्या कुठल्याही मित्राला '०सी७' विचारा, झोपेतही सांगेल: आकड्याच्या जागी आकडा नसलेलंच काहीतरी आलं. तेव्हाचा डिबगर म्हणजे पेन्सिल घेऊन बसलेला माणूस. कागदाच्या गठ्ठ्यात रजिस्टरची किंमत शोधायची, मग तो पत्ता शोधायचा, मग तिथून पुढचा.

युनिक्सने हे काम माणसाकडून काढून डिबगर प्रोग्रामकडे दिलं. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येच 'कोअर' नावाच्या फाइलचं पान आहे. प्रोसेस मेली की कर्नल तिची मेमरी चालू डिरेक्टरीत 'कोअर' नावाने लिहून ठेवणार. म्हणजे पंच ठरला: कर्नल. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत या फाइलची रचना अगदी साधी होती. पहिले १०२४ बाइट म्हणजे कर्नल त्या प्रोसेसबद्दल स्वतःजवळ जी माहिती ठेवतो तिची जशीच्या तशी प्रत. मरतानाचे रजिस्टर्स त्यातच. त्यापुढे प्रोसेसची मेमरी. मात्र प्रोग्रामचा कोड केवळ वाचण्यापुरता आणि सामायिक असेल तर तो लिहायचा नाही, कारण तो मूळ प्रोग्रामच्या फाइलमध्ये आहेच. आजही जीडीबीला कोअरबरोबर बायनरीही द्यावी लागते, त्याचं मूळ इथे आहे. (आणि तीच बायनरी हवी. मध्ये कोणी पुन्हा बिल्ड केलं असेल तर बॅकट्रेस म्हणजे निव्वळ कथाकथन!)

या साधेपणाची किंमत पुढे मोजावी लागली. पहिले १०२४ बाइट म्हणजे कर्नलच्या पोटातलं स्ट्रक्चर. कर्नलमध्ये एक फील्ड इकडचं तिकडे झालं की डिबगर आंधळा. यावर उत्तर आलं सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या रिलीजबरोबर, १९८० च्या दशकाच्या शेवटी: ईएलएफ. लिनक्सवर आपण आज जी कोअर फाइल उघडतो ती हीच.

तिची मांडणी बघण्यासारखी आहे. ६४-बिट मशीनवर सुरुवातीला ६४ बाइट्सचा हेडर. त्यातला पहिला बाइट ७एफ आणि पुढचे तीन म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरं. फाइलचा प्रकार ४, म्हणजे 'कोअर'. मग येतात प्रोग्राम हेडर्स, प्रत्येकी ५६ बाइट. ही झाली अनुक्रमणिका. तिच्यात दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक 'नोट': प्रत्येक थ्रेडचे रजिस्टर्स, कुठल्या सिग्नलने मरण आलं, प्रोसेसचं नाव, २०१२ पासून लिनक्समध्ये कुठली फाइल कुठल्या पत्त्यावर मॅप होती तेही. दुसरी 'लोड': मेमरीचा अमुक पत्त्यावरचा तुकडा या फाइलमध्ये तमुक ठिकाणी आहे. डिबगर नोटमधून स्टॅक पॉइंटर उचलतो, तो पत्ता कुठल्या लोड तुकड्यात पडतो ते बघतो, आणि तिथून एकेक फ्रेम मागे जातो. पेन्सिलवाल्या माणसाचंच काम, फक्त क्षणात.

गंमत म्हणजे लोडच्या नोंदीत लांबी दोनदा असते. एक मेमरीतली, एक फाइलमधली. फाइलमधली लांबी शून्य असू शकते. म्हणजे 'हा भाग होता, पण आम्ही लिहिला नाही'. पंचनाम्यात 'आतल्या खोलीला कुलूप होते, खोली उघडली नाही' असं लिहितात ना, तसंच. न लिहिलेल्या गोष्टीचीही नोंद, हा मला या फॉरमॅटचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो.

इथपर्यंत ठीक. पण पंचच मेला तर? म्हणजे कर्नल स्वतःच कोसळला तर?

सहाव्या युनिक्समध्ये ऑपरेटर उठायचा, कन्सोलच्या स्विचवर ऑक्टल ४४ हा पत्ता लावायचा आणि मशीन तिथून सुरू करायचा. तिथे असेंब्लीचा एक चिमुकला तुकडा असे, जो सगळी मेमरी टेपवर ओतायचा. बीएसडीने यातून माणूस काढला आणि जागा निवडली ती स्वॅपची. का? कोसळलेल्या कर्नलच्या हाती फाइलसिस्टिम देणं म्हणजे चांगल्या फाइलींचाही सत्यानाश. स्वॅपवर फाइलसिस्टिम नसते, आणि रीबूटनंतर तिथल्या मजकुराचा कोणाला उपयोगही नसतो. पुढच्या बूटला 'सेव्हकोअर' नावाचा प्रोग्राम तिथून डम्प उचलून नीट फाइलमध्ये ठेवतो. विंडोज एनटीनेही हीच युक्ती वापरली, स्वॅपच्या जागी पेजफाइल. शिवाय विंडोज डिस्क ड्रायव्हरची एक वेगळी प्रत आधीच मेमरीत तयार ठेवतं, केवळ याच प्रसंगासाठी.

कर्नल डम्पमध्ये आणखी एक अडचण आहे. इथे लिहिली जाते ती फिजिकल मेमरी, आणि फिजिकल मेमरी म्हणजे पिसलेले पत्ते. सलग दिसणारा स्टॅक प्रत्यक्षात दहा ठिकाणी विखुरलेला असू शकतो. म्हणून विंडोजच्या डम्पच्या हेडरमध्ये (६४-बिटवर तो ८१९२ बाइट्सचा असतो) एरर कोड आणि त्याचे पॅरामीटर्स असतात, फिजिकल मेमरीचे कुठले पट्टे लिहिले त्यांची यादी असते, आणि पेज टेबल कुठे सुरू होतं तो एक आकडाही असतो. तो एक आकडा बिघडला तर हाती काही जीबी कचरा.

लिनक्सने यावर वेगळाच तोडगा काढला. ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत केडम्प आलं. कल्पना अशी: मेलेल्या कर्नलवर विश्वासच ठेवायचा नाही. बूट होतानाच थोडी मेमरी बाजूला काढून तिथे दुसरा कर्नल झोपवून ठेवायचा. पहिला कोसळला की बायॉसला न विचारता थेट दुसऱ्यात उडी मारायची. रॅम पुसली जात नाही, म्हणजे जुन्या कड्यांचा गुण वेगळ्या वाटेने परत मिळाला. दुसरा कर्नल जागा होतो आणि पहिल्याची मेमरी एका ईएलएफ फाइलसारखी समोर ठेवतो. ही कल्पना त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स सिम्पोझियममध्ये मांडणाऱ्या पेपरचे लेखक होते आयबीएमच्या भारतातल्या टीममधले विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ, आणि केएक्झेकवाले एरिक बीडरमन. 'आपल्याकडे फक्त सपोर्टचं काम होतं' म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती राखून ठेवावी :-)

आता तिसरा प्रश्न, गाळायचं काय?

सुरुवातीला हा प्रश्न फक्त आकाराचा होता. विंडोज २००० मध्ये ६४ केबीचा छोटा डम्प आला. २००१ च्या एक्सपीपासून 'मिनीडम्प' आला: थ्रेड्सची यादी, मॉड्यूल्सची यादी, एक्सेप्शन, थोडासा स्टॅक. एवढा लहान की घरच्या कनेक्शनवरूनही कंपनीकडे पाठवता येईल. लाखो डम्प जमा झाल्यावर सारख्या कारणांचे गट पाडता आले. १ टक्का बग्जमुळे निम्म्या एरर्स येतात, असं स्टीव्ह बामर यांनी २००२ मध्ये लिहिलं ते याच माहितीवरून. म्हणजे गाळल्यामुळे डम्प दुबळा झाला नाही, उलट जास्त उपयोगी झाला.

पण डम्प घराबाहेर पडू लागला आणि प्रश्नाचं रूप बदललं. मेमरीत काय असतं? सगळंच. पासवर्ड, टोकन, प्रायव्हेट की, ग्राहकाचा खाते क्रमांक. डिस्कवर एन्क्रिप्ट केलेली गोष्ट वापरताना मेमरीत उघडीच असते. २०२३ मध्ये स्टॉर्म-०५५८ नावाच्या गटाने मायक्रोसॉफ्टची एक सायनिंग की वापरून अनेक संस्थांचे मेल वाचल्याचं उघड झालं. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की एप्रिल २०२१ च्या एका क्रॅश डम्पमध्ये ती की राहून गेली आणि तो डम्प डिबगिंगसाठी सुरक्षित नेटवर्कच्या बाहेर नेला गेला. पुढे मार्च २०२४ मध्ये त्यांनीच म्हटलं की ती की असलेला असा डम्प सापडलेला नाही. म्हणजे चोरी खरी, वाट अनिश्चित. पण ती वाट सगळ्यांना चटकन पटली, यातच काय ते आलं.

यावर साधनं आहेत. लिनक्समध्ये २०१२ पासून प्रोग्राम स्वतः सांगू शकतो की मेमरीचा हा भाग डम्पमध्ये घेऊ नका. सेटयूआयडी प्रोग्रामचा डम्प मूळ सेटिंगमध्ये लिहिलाच जात नाही. पण ही साधनं वापरायला आधी कोणीतरी बसून ठरवावं लागतं, आणि ते सहसा कोणाच्या टास्क लिस्टवर नसतं.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की एवढं बघा: तुमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर प्रोसेस मेली तर कोअर फाइल कुठे जाते, ती कोण वाचू शकतं, आणि ती कधी पुसली जाते. तिन्हींची उत्तरं लगेच मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर पुढच्या वेळी 'डम्प पाठव रे' असा मेल आल्यावर अटॅच करण्याआधी एक मिनिट थांबा.