दिवाडी बेट : खाजन, मानस आणि गावकारी

मांडवीच्या पात्रात, जुने गोवे आणि डिचोली तालुक्यातील नार्वे यांच्या दरम्यान दिवाडी बेट वसले आहे. ते तिसवाडी तालुक्यात मोडते. रायबंदर, जुने गोवे व नार्वे येथून फेरीबोटीने तेथे जाता येते. कोकण रेल्वेचा मार्ग बेटावरूनच जातो. गाडी मात्र तेथे थांबत नाही.

टेकडीवर पिएदाद चर्च आहे आणि जवळच्या दफनभूमीतील कपेलात कदंब शैलीचे कोरीव दगडी छत आढळते. कदंबांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर मूळचे याच बेटावरचे. पोर्तुगीज अमदानीत 1540 च्या सुमारास देवालय उद्ध्वस्त झाले आणि लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेण्यात आले. 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला.

टेकडीभोवतीची सखल जमीन म्हणजे खाजन. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलमाती, पेंढा व जांभ्या दगडाचे बांध घातलेले असतात. बांधातील मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार, भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतील पाणी बाहेर सोडते. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पेरले जाते. कापणीनंतर त्याच पाण्यात मासळी व कोळंबी मिळते.

ही व्यवस्था एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नव्हेच. एका ठिकाणी बांध फुटला तरी सगळ्यांचे शेत बुडते. म्हणून बांधांची राखण गावकारीकडे असे. तिसवाडीतील गावकारींचे रीतिरिवाज 1526 च्या फोरालमध्ये लेखी नोंदवले गेले. जमिनीच्या हद्दीला बेटावर किती महत्त्व होते, हे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी होणाऱ्या बोंदेरा उत्सवातून कळते. वाड्यांमधील हद्दीचे तंटे मिटवण्यासाठी पोर्तुगीजांनी रोवलेले बावटे लोक पाडून टाकत, त्याची ही आठवण मानली जाते. आता तंटा उरलेला नाही, मिरवणूक उरली आहे.

1964 च्या कूळ कायद्यानंतर खाजनातील बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. गावकारीचा अधिकार आटला, पण तिच्याजवळची शिस्त नव्या संघटनांना सर्वत्र जमली नाही. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो. मासळीसाठी खारे पाणी आत ठेवणे ठेकेदाराच्या सोयीचे, तर भातासाठी ते बाहेर ठेवणे शेतकऱ्याच्या गरजेचे. झडप वेळेवर दुरुस्त झाली नाही की बांध खचतो. एकदा खारे पाणी शिरले की मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. तोवर शेत पडीक राहते, त्यात खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा भाताखाली आणणे कठीण होऊन बसते.