रिकाम्या आसनाचे शिल्प : पवनीचे कलावंत आणि स्वतःहून स्वीकारलेले बंधन

१/ भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. गावात मंदिरे विपुल आहेत. परंतु या नगराचा इतिहास त्या मंदिरांहून कितीतरी जुना आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी येथे एक भव्य बौद्ध स्तूप होता आणि त्याच्या कठड्यावरील शिल्पांत बुद्धाच्या जीवनातील प्रसंग होते. फक्त बुद्धच नव्हता.

२/ १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली पवनीत उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली स्तूपाचे अवशेष मिळाले. सोबत कोरीव शिलास्तंभ होते आणि दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लिपीतील लेखही.

३/ यातील एक स्तंभ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. काळ इ.स.पू. दुसरे ते पहिले शतक. विषय आहे मुचलिंद नाग. बोधिप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असताना सात दिवस वादळी पाऊस झाला, तेव्हा मुचलिंदाने त्यांच्याभोवती वेटोळे घालून मस्तकावर फणा धरला, अशी कथा आहे. पवनीच्या शिल्पात नाग आहे, त्याचा फणा आहे, फण्याखाली आसन आहे. आसन मात्र रिकामे आहे.

४/ हे शिल्प अपुरे राहिले, असे कोणी समजू नये. त्या काळातील भरहुत आणि सांची येथेही हाच नियम दिसतो. राजे, व्यापारी, हत्ती, वानर, यक्ष, सारे तपशिलाने कोरलेले. मानवी रूपातील बुद्ध कोठेही नाही. मनुष्याकृती घडवण्यात हे हात तरबेज होते. म्हणजेच ही उणीव कौशल्याची नव्हती. ते बंधन होते, आणि जाणीवपूर्वक पाळलेले होते.

५/ हे बंधन घातले कोणी? अशी कोणतीही राजाज्ञा उपलब्ध नाही. चिनी भाषांतरात टिकून राहिलेल्या सर्वास्तिवादी विनयग्रंथात, बुद्धाच्या देहाची प्रतिमा करण्यास अनुमती नसल्याचा उल्लेख अनाथपिंडकाच्या तोंडी येतो. परंतु तो एका संप्रदायाचा ग्रंथ. एरवी हा नियम परंपरेने आतूनच स्वीकारलेला दिसतो. जो परिनिर्वाणानंतर नामरूपापलीकडे गेला, त्याला पुन्हा देहात कसे बसवावे, हा त्यामागचा एक संभाव्य विचार.

६/ आता कलावंताची अडचण पाहावी. कथा सांगायची आहे, पण कथानायक दाखवायचा नाही. या अडचणीतून पहिली गोष्ट जन्मली ती चिन्हांची भाषा. बोधिवृक्ष म्हणजे ज्ञानप्राप्ती, चक्र म्हणजे पहिला उपदेश, स्तूप म्हणजे परिनिर्वाण. छत्र, आसन आणि पदचिन्हे म्हणजे साक्षात उपस्थिती.

७/ दुसरी गोष्ट म्हणजे कथनाची नवी रीत. सांचीच्या महास्तूपाच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाचे गृहत्यागाचे दृश्य आहे. एकाच आडव्या पट्टीवर तोच कंथक घोडा पुन्हा पुन्हा येतो. पाठीवर स्वार नाही, वर छत्र आहे, आणि टापांचा आवाज होऊ नये म्हणून यक्षांनी खूर उचलून धरले आहेत. शेवटी छत्र दोन पावलांवर स्थिरावते आणि सारथी छन्न त्या पावलांना वंदन करतो. घोडा परततो तो छत्राविना.

८/ स्वार कोठे उतरला, हे सांगण्यासाठी एक अक्षरही लिहावे लागलेले नाही. छत्र घोड्यावरून हटले, एवढ्यावरून वियोग कळतो. राजपुत्राचा चेहरा कोरण्याची मुभा असती, तर शिल्पकाराने दुःख त्या चेहऱ्यावर दाखवले असते. मुभा नव्हती, म्हणून ते परतणाऱ्या घोड्याकडे सोपवले गेले.

९/ तिसरी गोष्ट म्हणजे पाहणाऱ्याची नजर. भरहुतच्या एका स्तंभावर राजा अजातशत्रू हत्तीवरून येतो आणि आसनापुढे हात जोडतो. लेख सांगतो की तो भगवंताला वंदन करीत आहे. समोर आसन आणि पावलेच आहेत. भोवतालच्या आकृतींच्या नजरा ज्या रिक्त जागी वळतात, ती जागा पाहणारा आपल्या मनाने भरतो. शिल्प पूर्ण होते ते त्याच्या ठायी.

१०/ या विवेचनाला एक महत्त्वाचा आक्षेप आहे. १९९० मध्ये सुसान हंटिंग्टन यांनी असे मांडले की, यातील अनेक दृश्ये बुद्धचरित्रातील प्रसंग नसून, पुढील काळातील भाविक तीर्थस्थळांची पूजा करीत असल्याची आहेत. तसे असेल तर बुद्ध ‘वगळला’ हे म्हणणेच डळमळते. विद्या दहेजिया यांनी उत्तर दिले की, एकच चिन्ह एकाच वेळी प्रसंग, स्थळ आणि तत्त्व असे अनेक अर्थ वाहू शकते. पवनीचा मुचलिंद आणि सांचीचा कंथक मात्र केवळ तीर्थपूजा म्हणून वाचणे कठीण जाते. तेथे कथा स्पष्ट आहे.

११/ साहित्यातही अशी स्वेच्छाबंधने आढळतात. बारामतीचे मोरोपंत (१७२९-१७९४) यांनी रामकथा अनेक रूपांत रचली; परंपरा त्यांची १०८ रामायणे मोजते. त्यातील ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ जुळवून उच्चारायचे प, फ, ब, भ, म हे वर्ण वर्ज्य आहेत. म्हणजे रामायण रचायचे, पण ‘राम’ हा शब्दच वापरायचा नाही! लक्ष्मण, भरत, बिभीषण हेही बाद. प्रत्येक नावाला पर्याय शोधणे आले, आणि त्या शोधात भाषेचे कोपरे धुंडाळले गेले.

१२/ पवनीचे उत्खनन सुरू झाले त्याच १९६९ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज पेरेक यांची एक फ्रेंच कादंबरी प्रसिद्ध झाली. फ्रेंचमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे ‘ई’ हे अक्षर तिच्यात एकदाही नाही, आणि तिच्या नावाचा अर्थही ‘नाहीसे होणे’ असाच. जे गाळले, तेच रचनेचे केंद्र झाले.

१३/ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत मथुरा आणि गांधार येथे बुद्धमूर्ती घडू लागल्या. बंधन सुटले, पण त्याने दिलेली भाषा टिकली. सारनाथच्या पाचव्या शतकातील प्रख्यात बुद्धमूर्तीच्या पीठावर चक्र आहे. मुचलिंद तर समुद्रापार पोहोचला. कंबोडियातील ख्मेर शिल्पांत बुद्ध नागाच्या वेटोळ्यावर, फण्याच्या छायेत बसलेला दिसतो. पवनीत रिकामे असलेले आसन तेथे भरले आहे.

१४/ म्हणून संग्रहालयात असा स्तंभ समोर आला, तर प्रथम आकृत्या मोजू नयेत. त्या कोणाकडे पाहत आहेत आणि छत्र कशावर धरले आहे, हे पाहावे. वैनगंगेकाठच्या त्या अनाम शिल्पकारांनी सर्वाधिक विचार त्या जागेचा केला होता, जेथे त्यांनी आपली छिन्नी टेकवली नाही.