जड उचललं होतंस का?

गर्भपातानंतर क्युरेटिंग करून घरी आलेल्या बाईला विचारला जाणारा पहिला प्रश्न हा. ‘कशी आहेस गं?’ त्यानंतर. पाण्याची बादली उचललीस का, स्कूटरवर मागे बसलीस का, पपई खाल्लीस का, फळीवरचा डबा काढायला हात वर केलास का, तिन्हीसांजेला बाहेर गेली होतीस का. विचारणारी सासू असो, मावशी असो की शेजारच्या काकू, तिच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. पण या चौकशीचं कुळ फार जुनं आहे, आणि त्यातली निम्मी मंडळी वैद्य-डॉक्टरांचा हात धरूनच आपल्या घरात शिरली आहेत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. वेडंवाकडं, कठीण आसनावर बसणं, मलमूत्राचे वेग अडवणं, झेपणार नाहीत असे श्रम, फार हादरे देणारं वाहन, खोल विहिरीत किंवा कड्यावरून डोकावणं. ही यादी आधी घ्यायच्या काळजीची आहे, नंतर करायच्या झडतीची नाही. सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंतचा गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यातला गर्भपात असा भेद केला आणि दाखला दिला फळाचा: कीड लागून, वाऱ्याने किंवा मार बसून फळ अकाली गळतं, तसंच हे. तिन्हींपैकी मार तेवढा आपण लक्षात ठेवला. किडीचा दोष झाडाला देता येत नाही, म्हणून असेल कदाचित.

काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात सूर बदलतो. तिथे गर्भ आणि मुलं हिरावून नेणारी जातहारिणी आहे, आणि ती गाठते ती धर्म सोडून वागणाऱ्या बाईला. काळजीच्या यादीचं इथे आरोपपत्र झालं. आपल्याकडच्या साती आसरा याच गोतावळ्यातल्या. कातरवेळी पाण्यावर गेलेल्या गरोदर बाईला त्या धरतात असं मानत. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की आसरांना खण-नारळ देऊन बाई मोकळी तरी व्हायची. पुढच्या सल्ल्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

मग आल्या विटा. रक्ताचे डाग दिसले की बाईला पलंगावर आडवं करायचं, पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा सरकवायच्या आणि लघवीलाही उठू द्यायचं नाही. डोकं उताराला, जेवण घशाशी, पाठीला रग, आणि नजर दिवसभर एकाच पंख्यावर. ‘हलू नकोस’ म्हणणाऱ्या आजीबाईंमागे या वेळी इस्पितळाचा कागद होता. पडून राहणं हेच औषध, ही समजूत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दृढ झाली. जॉन हिल्टन या लंडनच्या शल्यविशारदाची विश्रांती आणि वेदना यांवरची व्याख्यानं १८६३मध्ये पुस्तकरूपाने आली. १९४७मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या तिथल्याच डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके खरमरीत भाषेत मांडले, पण बाळंतपणाच्या खोलीपर्यंत ते पोचले नाहीत. २००५मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी गर्भ टिकण्यासाठी सक्त आरामाचा उपयोग होतो का, याचा पुरावा धुंडाळला. कसोटीला उतरणारे अभ्यास निघाले दोन, त्यांतल्या बायका मिळून ८४, आणि आरामाचा फायदा दिसला नाही तो नाहीच.

या कुळातला सर्वांत खानदानी सल्ला बोस्टनचा. हार्वर्डमधल्या जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याचं म्हणणं असं, की गर्भ पडतो तो संप्रेरकं कमी पडल्याने. तेव्हा ती वाढवा. लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी १९३८मध्ये तयार केलेलं डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक स्वस्त होतं, गोळीतून देता येत होतं, आणि त्याचं पेटंटही घेतलेलं नव्हतं. १९४७मध्ये अमेरिकेत त्याला गर्भ टिकवण्यासाठी परवानगी मिळाली. १९५३मध्ये शिकागोच्या विल्यम डिकमन यांनी निम्म्या बायकांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन पाहिलं. फरक शून्य. तरीही गोळी पुढची अठरा वर्षं लिहून दिली जात होती. निदान काहीतरी केल्याचं समाधान डॉक्टरांना हवं असतं आणि पेशंटलाही. १९७१मध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण मुली नोंदवल्या; त्यांतल्या सातजणींच्या आयांनी गरोदरपणी ही गोळी घेतली होती. गोळीचा संशय डॉक्टरांजवळ पहिल्यांदा बोलून दाखवला, तोही एका मुलीच्या आईनेच.

खरं कारण तोवर प्रयोगशाळेत दिसू लागलं होतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, हे १९५६मध्ये पक्कं झालं. १९७५मध्ये पॅरिसच्या बुए दांपत्याने सुरुवातीच्या आठवड्यांत पडलेले १,५०० गर्भ तपासून छापले. सुमारे ६१ टक्क्यांत गुणसूत्रांचा घोळ निघाला. हा घोळ बहुतेकदा बीज जुळतानाच, किंवा त्याही आधी होतो. म्हणजे बादली भरण्याआधी, पपई कापण्याआधी, दिवस गेल्याचं कळण्याआधीच निकाल लागलेला असतो. (पपईपुरतं सांगायचं तर २००२मध्ये सिंगापूरला उंदरांवर झालेल्या प्रयोगात पिकलेल्या पपईने काही बिघडलं नाही, गर्भाशय आकसलं ते कच्च्या पपईच्या चिकाने.) थायरॉइड, रक्ताच्या गुठळ्या, गर्भाशयाच्या तोंडाचा सैलपणा ही कारणंही असतात, आणि पुन्हापुन्हा तेच होत असेल तर तपासण्या करायलाच हव्यात. त्यांतलं एकही कारण बाईने उचललेलं नसतं.

‘सहा महिने थांबा’ हा कुळातला धाकटा. २००५च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीतून तो निघाला, त्यामागची आकडेवारी लॅटिन अमेरिकेची, आणि तीत आपोआप झालेले आणि करवून घेतलेले गर्भपात वेगळे काढलेलेच नव्हते. २०१०मध्ये स्कॉटलंडच्या तीस हजारांवर बायकांच्या नोंदी पाहिल्या, तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्यांचंच अधिक सुरळीत झालं होतं. तरी सहाचा आकडा अजून सांगितला जातो, आणि त्याच बाईला त्याच आठवड्यात घरचे सांगतात, ‘लगेच दुसरं राहू दे, म्हणजे विसरशील.’

सल्ला द्यायचाच असेल तर रजेचा द्या. गर्भपातानंतर नोकरदार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली, आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. ‘तीन महिने कुणाला सांगू नकोस’ हे ऐकून गप्प बसलेल्या बाईने ऑफिसात कळवलेलंच नसतं, आणि ती तिसऱ्या दिवशी कामावर हजर होते. तिच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढा, अर्ज लिहायला मदत करा. ही रजा गर्भपाताच्या लगेच दुसऱ्या दिवसापासून धरली जाते.