सर्व संतांची पूर्वसंध्या आणि एक विसरलेली मुलगी

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस युवकांची बैठक आटोपल्यावर तीन मुलगे मागे रेंगाळले. त्यांनी आम्हाला विचारले, "फादर, हॅलोवीनचे भुताचे पिक्चर बघणे पाप आहे का?" 'होय' म्हटले तरी प्रश्न तेथेच संपतो आणि 'नाही' म्हटले तरी संपतो. म्हणून आम्ही त्यांना चित्रपटाचे नाव विचारले. त्यांनी 'हॅलोवीन : द कर्स ऑफ मायकेल मायर्स' हा १९९५ सालचा अमेरिकन चित्रपट सांगितला. आम्ही तो पाहिला आणि पुढच्या बैठकीत मुलांचे मत विचारले. मुखवटेधारी खुन्याविषयी ती भरभरून बोलली. चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांपैकी सरस कोणती, यावर त्यांच्यात वादही झाला. परंतु ज्या कोवळ्या मुलीच्या बाळंतपणाने हा चित्रपट सुरू होतो, तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. हे मौन आमच्या मनात घर करून राहिले. त्याचा मागोवा घेताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

'हॅलोवीन' या शब्दाचा मूळ अर्थ 'सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या' एवढाच आहे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोम येथील संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनालय अर्पण केले. नवव्या शतकात पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात १ नोव्हेंबरचा हा सण पश्चिम युरोपात सर्वत्र रूढ झाला. पुढे क्लूनी मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या शेवटी २ नोव्हेंबरला मृत भाविकांच्या स्मरणाची प्रथा घालून दिली. आयर्लंडमध्ये याच सुमारास 'सॉविन' हा सुगीच्या अखेरीचा जुना सण असे. त्यातल्या काही लोकसमजुती ख्रिस्ती सणाला येऊन चिकटल्या आणि एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर त्या अमेरिकेत पोहोचल्या. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी उपासनाविधी सुटसुटीत करताना या पूर्वसंध्येचा स्वतंत्र विधी वगळला. अवघ्या २३ वर्षांनी चित्रपटसृष्टीने त्या रिकाम्या रात्रीवर आपला हक्क सांगितला.

परंतु ही कथा हॅलोवीनपाशी सुरू होत नाही. पडद्यावरील गर्भवती कुमारिका आणि तिच्याकडे पाहणारा प्रेक्षक यांचे नाते त्याहून जुने आहे. १९३० साली अमेरिकन चित्रपटांसाठी नीतिसंहिता तयार झाली. तिच्या लेखनात येशूसंघीय धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. त्याच सुमारास अमेरिकन महागुरूंच्या पुढाकाराने 'लीजन ऑफ डीसन्सी' ही संघटना उभी राहिली. आक्षेपार्ह चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ लक्षावधी कॅथलिक दरवर्षी डिसेंबरमध्ये चर्चमध्ये उभे राहून घेत असत. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कुरा' या परिपत्रकात या कार्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. संघटना चित्रपटांना श्रेणी देई. 'सी' म्हणजे निषिद्ध.

१९४५ साली 'मॉम अँड डॅड' नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक विल्यम बोडीन आणि निर्माते क्रोगर बॅब. जोन नावाची शाळकरी मुलगी एका तरुण वैमानिकाच्या प्रेमात पडते. तो विमान अपघातात मरण पावतो आणि जोनला दिवस गेल्याचे कळते. तिची आई लाजेपोटी मुलीशी शरीरधर्माविषयी चकार शब्द बोललेली नसते. जे शिक्षक हा विषय शिकवू पाहतात, त्यांची शाळेतून हकालपट्टी झालेली असते. कथा एवढीच. संघटनेने चित्रपट निषिद्ध ठरविला. बॅब यांनी त्या निषेधाचीच जाहिरात केली. स्त्रियांसाठी वेगळे खेळ आणि पुरुषांसाठी वेगळे. मध्यंतरात 'आरोग्यतज्ज्ञ' म्हणून एक वक्ता व्यासपीठावर येई. गावोगावच्या वक्त्यांचे नाव मात्र एकच असे, एलियट फोर्ब्ज! भाषणानंतर एक-एक डॉलरला पुस्तिका विकल्या जात. चित्रपटात प्रसूतीची प्रत्यक्ष दृश्ये जोडलेली होती आणि लोकांची झुंबड मुख्यतः त्यांसाठीच होती.

हा चित्रपट वर्षानुवर्षे चालला. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत त्याचा समावेश झाला, तो कलागुणांपेक्षा सामाजिक दस्तऐवज म्हणून. त्याच्याविषयी त्या काळी दोन मते होती. एक म्हणे, हा अश्लील आहे. दुसरे म्हणे, हा बोधप्रद आहे. जोनचे पुढे काय व्हावे, यावर दोन्ही बाजूंना फारसे बोलायचे नव्हते. म्हणूनच की काय, चित्रपटाच्या काही प्रतींत तिचे मूल मृत जन्मते, तर काहींत ते दत्तक दिले जाते. गावानुसार शेवट बदलता येई, कारण तो कोणाच्याच जिव्हाळ्याचा नव्हता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा 'इंतेर मिरिफिका' हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात निर्मात्यांबरोबर प्रेक्षकांवरही जबाबदारी टाकलेली आहे. पाहणाऱ्याने विवेकाने निवड करावी, ही त्यातली शिकवण. या पार्श्वभूमीवर १९६८ साली रोमान पोलान्स्की यांचा 'रोझमेरीज बेबी' प्रदर्शित झाला. यातील नायिका किशोरी नाही, विवाहिता आहे. पण गर्भारपण हाच भयाचा विषय करून स्वप्नासारख्या विस्कळीत दृश्यांतून ते भय उभे करण्याची रीत या चित्रपटाने रूढ केली. लीजनचा वारसा चालविणाऱ्या कॅथलिक चित्रपट कार्यालयाने ख्रिस्ती श्रद्धेचा विपर्यास केल्याबद्दल त्याला 'सी' श्रेणी दिली. तो निषेध समजण्याजोगा होता. तरीही आज पाहताना वाटते की, त्या चित्रपटात खरे भय सैतानाचे नाही. नवरा, डॉक्टर, शेजारी, सारेच तिच्या शरीराविषयी तिला वगळून निर्णय घेतात आणि ती सांगते त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, हे ते भय आहे. आमच्या बाजूच्या परीक्षकांनी श्रद्धेचा अवमान अचूक टिपला. त्या स्त्रीच्या एकाकीपणाकडे मात्र त्यांचे तितकेसे लक्ष गेले नाही.

ऑक्टोबर १९७८ मध्ये जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोवीन' आला. सुमारे ३,२५,००० डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत ४ कोटी ७० लाख डॉलर मिळविले. इलिनॉय राज्यातील एका काल्पनिक गावात हॅलोवीनच्या रात्री मुखवटेधारी इसम तरुण मुलींचा जीव घेतो. प्रियकराबरोबर रमणाऱ्या मुली मरतात आणि मुले सांभाळणारी सालस लॉरी वाचते. प्रेक्षकांनी यातून लगेच तात्पर्य काढले, पापाची शिक्षा मरण. कार्पेंटर यांनी आपला असा हेतू नसल्याचे वारंवार सांगितले, पण तात्पर्य रुजले ते रुजलेच. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या समीक्षकांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्त्रियांच्या हत्येवर पोसलेल्या अनुकरणपटांवर कडाडून टीका केली. 'हॅलोवीन'ला मात्र त्यांनी त्यातून वगळले. पुढे १९८७ मध्ये कॅरोल क्लोव्हर या विदुषीने लक्षात आणून दिले की, अशा चित्रपटांचे तरुण पुरुष प्रेक्षक अखेरीस त्या वाचलेल्या मुलीच्याच बाजूने श्वास रोखून बसलेले असतात. म्हणजे प्रेक्षकाचे मन आपण समजतो तितके सरळ नसते. क्रौर्याची चटक आणि करुणेचा पाझर तेथे शेजारी शेजारी नांदतात.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' मालिकेचा पाचवा भाग आला. यात नुकतीच शाळा संपविलेली ॲलिस गर्भवती आहे. प्रियकर मारला जातो आणि खलपुरुष तिच्या उदरातील बाळाच्या स्वप्नांतून वाट काढतो. उलटसुलट जिने, वितळणाऱ्या भिंती, असा सारा स्वप्नबाजार यात आहे. त्याच्या पाचच आठवडे आधी, ३ जुलै रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातावर निर्बंध घालण्यास राज्यांना अधिक वाव देणारा निर्णय दिला होता. देश दोन तटांत विभागला होता. चित्रपटात ॲलिसला गर्भपाताचा पर्याय सुचविला जातो, प्रियकराचे आईवडील बाळ दत्तक मागतात आणि ती बाळ स्वतःच वाढवायचे ठरविते. दोन्ही तटांना आपापला अर्थ काढता यावा, अशी ही रचना. तिकिटांच्या उत्पन्नाने मात्र आधीच्या भागाची निम्मी मजलही गाठली नाही.

आता आमच्या मुलांनी पाहिलेल्या चित्रपटाकडे येऊ. त्यातील जेमी ही पहिल्या 'हॅलोवीन'मधल्या लॉरीची मुलगी. लहानपणी तिला एका गुप्त पंथाने पळविलेले आहे. ३० ऑक्टोबरच्या रात्री, अजून शाळेत असावी अशा वयात, ती बाळंत होते. एका परिचारिकेच्या दयेने ती बाळासह निसटते, बाळाला बसस्थानकात लपविते आणि मारली जाते. दुसरीकडे कारा नावाची अविवाहित आई सहा वर्षांच्या मुलासह माहेरी आलेली आहे. बाप तिला घालूनपाडून बोलतो आणि सर्वांसमक्ष तिच्या थोबाडीत मारतो. मुखवटेधारी खुन्यापेक्षा जेवणाच्या टेबलावरचा हा प्रसंग आम्हाला अधिक भयानक वाटला, कारण तसे बाप आम्ही पाहिले आहेत.

चित्रपट प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना दाखविण्यात आला. त्यांत किशोरवयीन मुलग्यांचा भरणा होता. त्यांना शेवट आवडला नाही. प्रमुख अभिनेते डोनाल्ड प्लेझन्स २ फेब्रुवारी १९९५ रोजी निवर्तले होते. तरीही नवी दृश्ये चित्रित करून चित्रपट बदलण्यात आला आणि २९ सप्टेंबरला प्रदर्शित झाला. पहिली आवृत्ती चोरट्या चित्रफितींतून चाहत्यांमध्ये फिरत राहिली आणि २०१४ साली अधिकृतपणे बाहेर आली. दोन आवृत्त्यांची तुलना हा चाहत्यांचा आवडता उद्योग बनला. कोणत्या आवृत्तीत रहस्य नीट उलगडते, पंथाचा शाप पटतो का, बाळाचा पिता कोण, यांवर बराच काथ्याकूट झाला. पहिल्या आवृत्तीत पितृत्वाविषयी किळसवाणी पण स्पष्ट सूचना आहे, तर दुसरीत वैद्यकीय प्रयोगांचा धूसर निर्देश आहे. पण एक बदल आम्हाला सर्वांत बोलका वाटला. पहिल्या आवृत्तीत जखमी जेमी काही काळ जगते, इस्पितळात पोहोचते. दुसरीत ती सुरुवातीलाच, धान्याच्या कोठारातील यंत्रावर, मारली जाते. मुलग्यांचे मत घेऊन सुधारलेल्या चित्रपटात मुलीच्या वाट्याचा अवकाश घटला होता.

याच काळात अमेरिकेत प्रत्यक्ष काय चालले होते, हेही पाहावे. १५ ते १९ वयोगटातील दर हजार मुलींमागे १९५७ मध्ये ९६.३ प्रसूती होत होत्या. हा तेथील उच्चांक. म्हणजे तो नीतिसंहितेच्या आणि शपथांच्या काळातला आहे. मात्र त्यांतील बहुसंख्य मुली विवाहित होत्या. १९९१ मध्ये हा आकडा ६१.८ होता, २०२० मध्ये १५.४ झाला. १९९१ पर्यंत चित्र बदलले होते, बहुसंख्य माता अविवाहित होत्या, आणि भीती वाढली होती. समाजाची भीती संख्येला नव्हती, लग्नाविना दिसणाऱ्या पोटाला होती. भयपटांनी ती भीती ओळखली आणि तिला मुखवटा चढविला.

हे परदेशचे म्हणून आपण हात झटकू शकत नाही. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली माता झालेल्या अथवा गर्भवती होत्या. त्यांतील बहुतेक लग्न झालेल्या, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. जिचे लग्न झालेले नसते, तिची मात्र चर्चाच चर्चा होते. धर्मगुरू म्हणून आमच्या दारी अशी कुटुंबे आली आहेत. रात्री उशिरा, मागल्या दाराने. आईवडिलांचा पहिला प्रश्न 'लोक काय म्हणतील?' हा असे. दुसरा 'तो कोण?' हा. आणि आम्ही? आम्हीही तारीख, कागदपत्रे आणि स्नानसंस्काराच्या नोंदी यांविषयीच आधी बोललो, हे लाजेने कबूल केले पाहिजे. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या मुलीला 'बाळे, जेवलीस का?' असे आम्ही फार उशिरा विचारायला शिकलो.

म्हणजे चाहत्यांनी चित्रपटाला जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न आपण जिवंत मुलीला विचारतो. पिता कोण? शेवट कसा होणार? अब्रूचे रहस्य राहील की फुटेल? प्रेक्षक केवळ चित्रपटगृहात बसत नाही. तो ओटीवर बसतो, चर्चच्या बाकावर बसतो, क्वचित धर्मगुरूच्या खुर्चीतही बसतो.

नाझरेथची एक मुलगी सहवासापूर्वीच गर्भवती आढळली, तेव्हा गावाला काय वाटले असेल याची शुभवर्तमान चर्चा करीत नाही. योसेफाने काय केले, ते मात्र सांगते. त्याने तिला बदनाम होऊ द्यायचे नाही असे आधीच ठरविले होते. दूताचा संदेश नंतर आला. देवदूत येण्यापूर्वीची ती सज्जनता आपल्या आवाक्यात आहे.

त्या तीन मुलांना आम्ही शेवटी काय सांगितले? पाप की पुण्य, हा निवाडा आम्ही केला नाही. एवढेच म्हणालो की, पुन्हा पाहिलात तर मुखवट्याकडे कमी आणि जेमीकडे जास्त पाहा. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्त्या लावताना त्यांच्यापैकी एक जवळ आला व हळूच म्हणाला, "फादर, तिचे नावसुद्धा आम्हाला आठवत नव्हते." आम्ही त्याच्या हातातील मेणबत्तीवरून आमची पेटवून घेतली. सर्व संतांच्या पूर्वसंध्येचे मूळ प्रयोजनही तेच आहे. ज्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, त्यांची आठवण ठेवणे.